जातीचा दाखला पॉलिगॉनवर: एटापल्लीचं प्रकरण

मार्च 2022 मध्ये बातमी आली की गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत 65 हजार जात प्रमाणपत्रं ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेली आणि मागाहून बदलता न येणारी जी सामायिक नोंदवही असते तिच्यावर, नोंदवून दिली जाणार. काम लेजिटडॉक या भारतीय कंपनीचं, साखळी (म्हणजे ब्लॉकचेन) पॉलिगॉनची. पॉलिगॉनचे मूळ संस्थापकही भारतीयच. त्यामुळे बातमीला तंत्रज्ञान, आदिवासी भाग आणि स्वदेशी असे तिन्ही रंग चढले. देशाबाहेरच्या क्रिप्टो बातमीदारांनीही ती उचलून धरली. राज्याला हा प्रयोग नवा नव्हता. 2021 मध्ये महाराष्ट्र राज्य कौशल्य विकास मंडळानं याच कंपनीबरोबर पदविकांची प्रमाणपत्रं इथेरियम या दुसऱ्या साखळीवर नोंदवायचं जाहीर केलं होतं.

दाखले पडताळून देणाऱ्या ब्लॉकचेन सेवांचे प्रस्ताव गेली काही वर्षं शाळा-कॉलेजं, विद्यापीठं, नगरपालिका अशा सगळ्यांकडे येतात. त्यांतले काही मीही वाचले आहेत. सगळ्यांची मांडणी एकाच साच्यातली असते: बोगस कागदपत्रांचा सुळसुळाट झालाय, हातानं पडताळणी करायला महिने लागतात, आमच्याकडे दहा सेकंदांत होते. एटापल्लीचं प्रकरण मी निवडलं कारण इथे कागद जातीच्या दाखल्याचा आहे. महाराष्ट्रात या एका कागदाभोवती जितका कायदा, जितके निवाडे आणि जितकी फसवणूक साठलेली आहे तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या कागदाभोवती असेल. ‘बोगस’ म्हणजे नेमकं काय, हे इथे पुरेसं तपासून झालेलं आहे.

दाखला म्हणजे काय, वैधता म्हणजे काय

महाराष्ट्रात जातीचं प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात. अर्ज सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’वर होतो. सोबत वडिलांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, वंशावळ, प्रतिज्ञापत्र. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 आणि अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 या तारखांना कुटुंब आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होतं, असा पुरावा लागतो. विमुक्त-भटक्यांसाठी ती तारीख 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967.

हे झालं की हातात दाखला येतो. पण राखीव जागेवर प्रवेश, सरकारी नोकरी किंवा निवडणुकीची उमेदवारी यांसाठी नुसता दाखला पुरत नाही. तो घेऊन पुन्हा जात पडताळणी समितीकडे जावं लागतं आणि वैधता प्रमाणपत्र मिळवावं लागतं. समितीकडे पोलिसांचं दक्षता पथक असतं. ते गावी जातं, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर स्वतः पाहतं, नातेवाइकांची कागदपत्रं ताडतं. जमातीच्या बाबतीत रूढी-परंपरा, देव, बोली यांचीही विचारपूस होते. ही सगळी व्यवस्था 1994 च्या एका निकालातून उभी राहिली आणि पुढे राज्याच्या 2000 च्या अधिनियमानं तिला पक्की चौकट दिली. त्या अधिनियमाप्रमाणे आपला दावा खरा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच आहे.

थोडक्यात, राज्यानं कायद्यानंच मान्य केलंय की उपविभागीय अधिकाऱ्याच्या सहीचा अस्सल दाखला हा जातीचा अखेरचा पुरावा नाही. सही खरी, शिक्का खरा, जावक क्रमांक खरा, आणि तरीही दावा खोटा असू शकतो. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्या.

साखळीवर नेमकं काय जातं

बातम्यांमध्ये ‘दाखले ब्लॉकचेनवर ठेवले’ असं वाक्य हमखास येतं आणि ऐकणाऱ्याचा समज होतो की दाखलाच कुठेतरी कायमचा जपून ठेवला. मंत्रालयाला 21 जून 2012 रोजी लागलेली आग आठवणाऱ्याला ही कल्पना फार मोलाची वाटेल. प्रत्यक्षात तसं होत नाही. साखळीवर जातो तो हॅश, म्हणजे फाइलवर गणिती क्रिया करून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा. शा-256 पद्धतीनं काढला तर 32 बाइटचा. फाइलमधलं एक अक्षर बदललं की आकडा पूर्ण बदलतो, आणि आकड्यावरून फाइल परत तयार करता येत नाही. म्हणजे दाखला जळाला, हरवला, सर्व्हर बसला, तर साखळी तुम्हाला दाखला परत देणार नाही. कुणी त्याची प्रत आणून दिलीच तर ‘हो, हीच ती’ एवढं सांगेल.

65 हजार ही संख्या हिशेबाला गंमतशीर आहे. दाखल्यांचे हॅश दोन-दोन जोडून त्यांचा एक हॅश काढायचा, आलेल्या हॅशांच्या पुन्हा जोड्या लावायच्या, असं वर चढत गेलं की शेवटी एकच हॅश उरतो. याला मर्कल ट्री म्हणतात. सोळा पायऱ्यांच्या झाडात 65,536 पानं मावतात. म्हणजे एटापल्लीचे सगळे दाखले एका झाडात बसतात, आणि साखळीवर फक्त टोकाचा 32 बाइटचा आकडा नोंदवला तरी पुरतं. प्रत्येक दाखल्यासोबत त्याच्या वाटेवरचे सोळा हॅश द्यायचे. सोळा गुणिले बत्तीस म्हणजे 512 बाइट, आणि ते क्यूआर कोडमध्ये आरामात मावतात.

आता खर्च. पॉलिगॉनवर असा एक आकडा लिहिण्याच्या व्यवहाराला ढोबळमानानं 50 हजार एकक गॅस (व्यवहारामागच्या संगणकीय कामाचं माप) लागतो असं धरू. 2022 च्या सुरुवातीला एका एककाचा किमान दर 30 ग्वेई होता (ग्वेई म्हणजे साखळीच्या चलनाचा अब्जावा भाग; पॉलिगॉनचं चलन तेव्हा मॅटिक), म्हणजे एका नोंदीला 0.0015 मॅटिक. मॅटिकचा भाव मार्च 2022 मध्ये शंभर-सव्वाशे रुपयांच्या घरात होता. एका नोंदीचा खर्च अठरा पैशांच्या आसपास. गर्दीच्या वेळी दर पाच-सात पट झाला तरी रुपया-सव्वा रुपया. समजा झाडबीड काही न करता प्रत्येक दाखल्याची वेगळी नोंद केली, तरी किमान दरानं 65 हजार नोंदींचे होतात बारा हजार रुपयांच्या आत. हेच इथेरियमवर, 50 ग्वेई दर आणि तीन हजार डॉलरचा भाव धरून, एकेका नोंदीला साडेपाचशेहून अधिक रुपये पडतील. सगळ्या दाखल्यांचे साडेतीन कोटींच्या वर. तिथे झाड लावल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि झाड लावलं की तिथेही खर्च पुन्हा एका नोंदीचाच.

मग किंमत कशाची?

या धंद्यात दर ठरवायच्या तीन-चार रीती आहेत. दर दाखल्यामागे ठरावीक रक्कम, संस्थेकडून वार्षिक वर्गणी, पडताळणी करणाऱ्या कंपनीकडून दर तपासणीमागे शुल्क, आणि सुरुवातीचा उभारणी खर्च वेगळा. प्रस्तावात पुढे ठेवली जाते ती बहुतेक वेळा पहिली रीत, कारण ‘एका दाखल्याला अमुक रुपये’ हे ऐकायला किरकोळ वाटतं आणि बाबूला फाइलवर मांडायला सोपं जातं.

माझा आक्षेप या रीतीलाच आहे. साखळीवर नोंदवायचा खर्च दाखल्यांच्या संख्येबरोबर वाढत नाही, हे वरच्या हिशेबात दिसलंच. दहा हजार दाखले असोत की साठ हजार, टोकाचा आकडा एकच. मग दर दाखल्यामागे आकारणी कशाच्या जोरावर? खरा खर्च इतरत्र असतो: पोर्टल बनवणं, जुन्या नोंदी साफ करून एक्सेलमध्ये भरणं, क्यूआर छापणं, ऑपरेटरला शिकवणं, फोन उचलायला माणूस ठेवणं. ही सगळी कामं खरी आहेत आणि त्यांचे पैसे द्यायला हरकत नाही. पण ती कुठल्याही साध्या ऑनलाइन पडताळणी पोर्टललाही लागतातच. ब्लॉकचेन या शब्दामुळे दरात जी भर पडते तिच्यामागे अठरा पैशांची नोंद असते.

काही जण म्हणतात, पैसे तंत्रज्ञानाचे नसून विश्वासाचे आहेत. ठीक आहे. मग विश्वास कुणावर ठेवायचा ते पाहू.

कार्यालयातला लिपिक दाखल्यावरचा क्यूआर मोबाइलनं स्कॅन करतो. एक पान उघडतं, त्यावर हिरवी बरोबरची खूण आणि ‘पडताळणी यशस्वी’. त्यानं पॉलिगॉनवर जाऊन काहीही पाहिलेलं नसतं. पाहिलं असतं तरी तिथे त्याला दिसले असते 40 अक्षरांचे पत्ते आणि 64 अक्षरांचे हॅश. अमुक पत्ता एटापल्लीच्या उपविभागीय कार्यालयाचा आहे, हे साखळी सांगत नाही, ते कंपनीचं पान सांगतं. बनावट दाखला करणाऱ्याला साखळी फोडायची गरजच नाही. त्यानं मिळत्याजुळत्या नावाची वेबसाइट घ्यायची, हिरवी खूण दाखवणारं एक पान बनवायचं आणि आपल्या दाखल्यावर त्याचा क्यूआर छापायचा. स्कॅन करणारा पत्त्याची ओळ वाचत नाही. ज्यानं कुणी सरकारी कार्यालयात शुक्रवारी संध्याकाळी प्रवेशाची कागदपत्रं तपासली आहेत, तो मला दुजोरा देईल.

म्हणजे विश्वास शेवटी ठेवायचा एका कंपनीच्या संकेतस्थळावर. ज्या गुप्त कळीनं (डिजिटल किल्लीनं) नोंदी होतात ती कळ कुणाच्या ताब्यात आहे, अधिकाऱ्याची बदली झाल्यावर ती कुणाकडे जाते, कंत्राट संपल्यावर डोमेनचं नूतनीकरण कोण करतं, हे प्रश्न साखळी सोडवत नाही. साखळी तरी कायमची म्हणावी का? पॉलिगॉनच्या चाचणी जाळ्याचं नावच ‘मुंबई’ होतं. एप्रिल 2024 मध्ये ते बंद झालं. मुख्य जाळं चालू आहे, पण त्याचं चलन मॅटिकचं पोल झालं. सातबारा शंभर वर्षं सांभाळणाऱ्या खात्यानं अशा फेरबदलांकडे जरा लांबून पाहावं.

खोटे दाखले कसे होतात

सेवा विकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच चोर असतो: फोटोशॉपमध्ये नाव बदलणारा. तो असतो, नाही असं नाही. पदवीच्या गुणपत्रिकांत तर तो भरपूर भेटतो. पण जातीच्या दाखल्यांचा इतिहास काय सांगतो?

1994 चा तो निकाल, कुमारी माधुरी पाटील विरुद्ध अतिरिक्त आयुक्त, आदिवासी विकास. दोघी बहिणींनी महादेव कोळी या अनुसूचित जमातीचा दावा करून वैद्यकीय शिक्षणात प्रवेश घेतला होता. जुन्या नोंदींमध्ये कुटुंब हिंदू कोळी. वाद दाखला कुणी खोडला याचा नव्हता, त्यात लिहिलेला दावा खरा की खोटा याचा होता. सर्वोच्च न्यायालयानं तपासणी समित्या आणि दक्षता पथकं यांची रीत घालून दिली ती याच प्रकरणात. 2000 साली महाराष्ट्र शासन विरुद्ध मिलिंद या खटल्यात घटनापीठापुढे प्रश्न होता की हलबा-कोष्टींना यादीतल्या हलबा जमातीत धरायचं का. तिथेही कागदाच्या अस्सलपणावर वाद नव्हता. न्यायालयानं सांगितलं की अनुसूचित जमातींची यादी आहे तशीच वाचायची, पुराव्यानं तिच्यात नवी नावं घुसवायची नाहीत.

जुलै 2017 मध्ये जगदीश बहिरा प्रकरणात न्यायालयानं आणखी कडक भूमिका घेतली: दावा अवैध ठरला तर त्याच्या जोरावर मिळवलेले लाभ जाणार, मग नोकरी कितीही वर्षं झालेली असो. त्यानंतर राज्यासमोर प्रश्न उभा राहिला तो जमातीच्या राखीव जागांवर बसलेल्या पण वैधता नसलेल्या कर्मचाऱ्यांचा. 21 डिसेंबर 2019 च्या शासन निर्णयानं त्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त निर्माण केलेल्या, पदांवर हलवलं. आदिवासी संघटना ज्या साडेबारा हजार पदांसाठी वर्षानुवर्षं भांडत आल्या ती हीच पदं. त्या भांडणातला कळीचा मुद्दा एकच होता. दाखले सक्षम अधिकाऱ्यांनी दिलेले होते.

हे सगळे दाखले दिले त्याच दिवशी साखळीवर नोंदवले असते तर काय झालं असतं? प्रत्येकावर हिरवी खूण उमटली असती. पंचनाम्याचा कागद लॅमिनेट केला म्हणून पंचनामा खरा ठरत नाही, तसंच हे.

आणि पुढचा भाग अधिक अवघड आहे. समितीनं दावा अवैध ठरवला की दाखला रद्द होतो, जप्त होतो. पण साखळीवरची नोंद पुसता येत नाही. तीच तर तिची ख्याती. मग रद्द झालेल्या दाखल्यांची वेगळी यादी ठेवावी लागते आणि तपासणीच्या वेळी ती यादी पाहावी लागते. ती यादी ताजी ठेवणार कोण? कार्यालय. ती राहणार कुठे? बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर. म्हणजे ज्या दाखल्याच्या बाबतीत ‘आज तो वैध आहे का’ हाच एकमेव महत्त्वाचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर पुन्हा एका साध्या तक्त्यातूनच यायचं.

बारीक अडचणी

आपल्याकडे पडताळणीचं जग झेरॉक्सवर चालतं. साक्षांकित प्रत, स्कॅन करून केलेली पीडीएफ, व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो. फाइलचा हॅश काढलेला असेल तर यांतली एकही प्रत जुळणार नाही, कारण बाइट वेगळे. म्हणून हुशार सेवा फाइलचा हॅश न काढता दाखल्यातल्या माहितीचा, म्हणजे नाव, वडिलांचं नाव, जात, गाव, क्रमांक यांचा हॅश काढतात. तिथे देवनागरी आडवी येते. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, दुसरीत र आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडखूण येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, हॅशमध्ये मात्र काडीचं साम्य नसतं. एटापल्ली भागातल्या माडिया आदिवासी कुटुंबांची नावं आणि आडनावं तर शाळेत एक, रेशनकार्डावर दुसरं आणि आधारवर तिसरं अशी लिहिलेली असतात. दुरुस्ती केली की नवा दाखला, नवा हॅश, आणि जुना तसाच साखळीवर.

खासगीपणाचाही मुद्दा आहे. हॅशवरून मूळ माहिती निघत नाही हे खरं, पण अंदाज बांधून ताडता येते. गावाची मतदार यादी कुणालाही मिळते. जातींची नावं मोजकी. प्रत्येक नावासोबत प्रत्येक जात जोडून हॅश काढत बसलं तर साध्या लॅपटॉपवर जुळणी सापडेल, जर दाखल्यागणिक वेगळा गुप्त आकडा मिसळलेला नसेल तर. तो मिसळला आहे का, हे विचारणारा कुणी तरी खरेदी समितीत असावा लागतो.

कोर्टात याचं वजन किती? दाखल्याला कायद्याचं बळ येतं ते सक्षम अधिकाऱ्याच्या सहीनं. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 चं पाचवं कलम इलेक्ट्रॉनिक सहीला हाताच्या सहीचा दर्जा देतं. साखळीवरच्या नोंदीला तसा वेगळा दर्जा त्या अधिनियमात नाही. उलट गंमत अशी की 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्राचा नमुना दिलाय आणि त्यात हॅश लिहायची जागा आहे, शा-256 चं नाव घेऊन. हॅश हवाच. पण तो साखळीवरच असला पाहिजे असं कुठेच नाही.

जे आधीपासून होतं

‘आपले सरकार’वरून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर अधिकाऱ्याची डिजिटल सही असते आणि खाली बारकोड. त्याच संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की दाखला खरा की खोटा ते दिसतं. डिजीलॉकर 2015 पासून आहे, नागरिकाला फुकट, आणि तिथून आलेला कागद मूळ कागदासारखाच मानायचा असा नियम 2017 पासून आहे. आधारच्या पत्रावरच्या क्यूआरमध्ये प्राधिकरणाची डिजिटल सही असते. इंटरनेट नसतानाही ती तपासता येते, आणि एटापल्लीसारख्या ठिकाणी, जिथे रेंज टेकडीगणिक बदलते, हा गुण दहा सेकंदांपेक्षा जास्त कामाचा. कोविनची लस प्रमाणपत्रं आठवा. सही केलेला क्यूआर, मुक्तस्रोत आज्ञावली, कोट्यवधी प्रमाणपत्रं, परदेशांतल्या विमानतळांवर तपासलेली. त्यात साखळी नव्हती आणि तिची उणीव कुणाला जाणवलीही नाही.

डिजिटल सहीनं दोन गोष्टी कळतात: सही कुणाची, आणि सही झाल्यावर कागद बदलला का. हॅशच्या नोंदीनं दुसरी कळते, पहिलीसाठी पुन्हा सहीच लागते. तेव्हा सही असलेल्या दाखल्यावर साखळी चढवून नवीन काय मिळालं, हा प्रश्न विक्रेत्याला विचारायलाच हवा.

त्यांच्या बाजूचं सर्वांत बळकट म्हणणं

नवीन एक गोष्ट मिळते, आणि ती क्षुल्लक नाही. वेळ.

कार्यालयातल्याच माणसानं मागच्या तारखेचा दाखला काढला तर? रजिस्टरमध्ये एक ओळ मोकळी सोडलेली असते, जावक क्रमांकात ‘अ’ लावून नवी नोंद घुसवता येते, सर्व्हरवरच्या तक्त्यात तारीख बदलता येते. डिजिटल सही इथे अपुरी पडते, कारण सही करणारा आणि तारीख टाकणारा घड्याळासकट एकाच खोलीत बसलेले असतात. अमुक दाखला अमुक दिवशी अस्तित्वात होता, हे बाहेरच्या, कुणाच्याही हातात नसलेल्या वहीत नोंदलं गेलं तर मागची तारीख टाकता येत नाही. घरचाच भेदी असेल तर साखळीचा उपयोग आहे. सरकारी खात्यानं स्वतःवर असा लगाम घालून घ्यायचं ठरवलं तर ते कौतुकाचंच, आणि एटापल्लीच्या प्रयोगात एवढाच हेतू असता तर मी त्याच्या बाजूनं बोललो असतो.

पण या कामासाठी काय खर्च येतो ते पाहा. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी 1991 मध्ये कागदपत्रांना काळाचा शिक्का मारायची ही पद्धत मांडली. बिटकॉइनच्या मूळ निबंधात ज्या मोजक्या आठ लेखनांचा हवाला आहे त्यांत यांची तीन आहेत. 1995 पासून त्यांच्या शुअरटी या कंपनीनं काय केलं? आठवड्याभरातल्या सगळ्या दाखल्यांचा मिळून एक हॅश काढायचा आणि तो न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायचा. छापून गेलेला अंक कुणाला बदलता येणार? आपल्याकडे शासन राजपत्र आहे, आणि जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात जाहीर नोटिसांचं पान आहे. तालुक्याच्या आठवड्याभराच्या दाखल्यांचा 64 अक्षरांचा हॅश तिथे दोन ओळींत बसेल. आणि बिटकॉइनवरच हवा असेल तर ओपनटाइमस्टॅम्प्स ही सोय 2016 पासून आहे, पीटर टॉड यांनी सुरू केलेली. हजारो लोकांचे हॅश झाडात एकत्र करून एका व्यवहारात नोंदवते आणि वापरणाऱ्याकडून एक पैसाही घेत नाही.

खासगी प्रशिक्षण संस्था, ज्या आज आहेत आणि उद्या पाटी उतरवून जातील, त्यांच्या बाबतीतही थोडा उपयोग मानतो. संस्था गेली तरी विद्यार्थ्याच्या हातातला सही केलेला, काळ नोंदलेला दाखला तपासता आला पाहिजे. पण तोही कंपनीच्या पानाशिवाय तपासता आला तरच.

खरेदीच्या फाइलवर मी काय लिहिलं असतं

अशा प्रस्तावावर मत द्यायची वेळ आली तर मी सादरीकरण बाजूला ठेवून एक चाचणी मागेन. तुमचं संकेतस्थळ बंद आहे, कंपनीतला कुणी फोन उचलत नाही, असं धरा आणि हा एक दाखला आमच्या तहसीलच्या संगणकावर तपासून दाखवा, मुक्तस्रोत साधनं वापरून. दाखवता आला तर पुढची बोलणी. मग कळ कार्यालयाच्या नावावर आणि कार्यालयाच्या ताब्यात, पडताळणीचं पान सरकारी डोमेनवर, रद्द दाखल्यांची यादी समितीच्या निकालाशी थेट जोडलेली, साखळीवरच्या नोंदीचे पैसे प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे, आणि दर दाखल्यामागे आकारणी अजिबात नाही. केंद्रानं सप्टेंबर 2024 मध्ये ‘विश्वस्य’ नावानं स्वतःचा ब्लॉकचेन संच आणलाय, तेव्हा बाहेरून घ्यायचंच असेल तर का, हेही एका परिच्छेदात लिहून मागेन.

आणि एटापल्लीसाठी म्हणून वेगळं टिपण जोडेन. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की रूढी-परंपरांची चाचणी हा अंतिम निकष नाही, आणि घटनेपूर्वीच्या कागदपत्रांना सर्वाधिक वजन आहे. माडिया गोंड ही राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. 1950 साली हा मुलूख अहेरी जमीनदारीत, चांदा जिल्ह्यात, तेव्हाच्या मध्य प्रदेशात होता. गडचिरोली जिल्हा झाला 26 ऑगस्ट 1982 ला. जंगलातल्या गावात शाळाच नव्हती तर आजोबांचा दाखल-खारीजचा उतारा कुठून यायचा? खऱ्या माडिया मुलाचा दावा अडतो तो इथे, आणि खोट्या दावेदारालाही मोकळीक मिळते ती याच धुक्यात. जुन्या चांदा जिल्ह्याचं कोतवाल बुक, अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक, जमीनदारीचे जमाबंदीचे कागद यांतलं जे काही चंद्रपूर, गडचिरोली, नागपूरच्या अभिलेख कक्षांत उरलं असेल ते पानन् पान स्कॅन करून, गाववार सूची लावून समितीला आणि अर्जदाराला सारखंच खुलं करायला माणसं लागतात, मोडी वाचणारे लागतात, दोन-तीन वर्षं लागतात. प्रस्तावातल्या दर दाखल्याच्या रकमेला 65 हजारांनी गुणून जो आकडा येईल, तो मी या कामाच्या लेखाशीर्षाकडे वळवायची शिफारस केली असती.